कुऱ्हाड टाइप करून बघ!

परवा भाच्याचा फोन. "मामा, सिनेमा लिहायला घेतोय. घरच्या कॉम्प्युटरवर कुठलं सॉफ्टवेअर टाकू? एक आहे, महाग आहे, पण सगळे तेच घे म्हणतायत."

म्हटलं, कथा काय आहे? तर ती म्हणे अजून ठरायचीय! :-)

असो. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितो, कारण घरातले बाकीचे भाचे-पुतणेही इथे डोकावतात.

माझं मत सरळ आहे. मराठीत लिहिणाऱ्याने आधी एकच गोष्ट बघावी: त्यात आपली देवनागरी धड उमटते का? बाकी सगळं नंतर.

यात काय मोठंसं, असं वाटेल. पण युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि हॉलिवूडमध्ये प्रमाण मानल्या जाणाऱ्या 'फायनल ड्राफ्ट'मध्ये युनिकोड आलं २०१८ साली, अकराव्या आवृत्तीत. मधल्या काळात आपल्याकडे कित्येकांनी संवाद रोमन लिपीत लिहिले. मीही लिहिले. एका लघुपटात आजी नातवाला म्हणते, "माळ घेऊन लवकर ये." रोमनमध्ये 'ळ' कुठला? वाचनाच्या दिवशी आजीचं काम करणाऱ्या बाई ठसक्यात म्हणाल्या, "माल घेऊन लवकर ये." देवघरातला प्रसंग थेट गोदीत पोचला!

हसलो आम्ही. पण हसण्यासारखं नव्हतंच ते. पुढे पुढे मी 'ळ' आणि 'ण' असलेले शब्दच टाळायला लागलो होतो. म्हणजे माझी पात्रं काय बोलणार हे सॉफ्टवेअर ठरवत होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसरं भूत म्हणजे 'एक पान म्हणजे एक मिनिट'. हा अंदाज बारा पॉइंटच्या कुरिअर टाइपावर बसवलेला आहे. त्यात प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं, इंचाला दहा. आपल्याकडे 'र' आणि 'क्ष' एकाच मापात कसे बसतील? वर मात्रा, खाली उकार, ओळींमधलं अंतरही वेगळं. तेव्हा पानं मोजू नका. घड्याळ लावून संवाद मोठ्याने म्हणा. फुकट उपाय आहे आणि जास्त खरा आहे.

"मग फुकटचं घेऊ?" घे, पण फाइल कशात साठवतंय ते बघून. मी असंच एक घेतलं होतं. नाव घेत नाही. पुढे ते बंद पडलं आणि नव्या कॉम्प्युटरवर माझी पटकथा उघडेचना. जुन्या मराठी फॉन्टांमधल्या फाइलींचं जे झालं, तेच.

म्हणून माझं मत 'फाउंटन'ला. २०१२ साली आलेली ही लिहिण्याची पद्धत आहे, कुठल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर नव्हे. साधी मजकुराची फाइल, जी नोटपॅडमध्येही उघडते. एक गोम आहे. ती पात्राचं नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांवरून ओळखते, आणि आपल्याकडे कॅपिटल नाहीतच! पण सोय ठेवलीय: नावाआधी @ टाकायचं, आणि दृश्याचं स्थळ-काळ सांगणारी ओळ टिंबाने सुरू करायची. दोन दिवसांत हाताला सवय होते.

आता कुणी म्हणेल, निर्मात्याला ते महागडंच लागतं. चित्रीकरण सुरू झालं, दृश्यांना क्रमांक पडले, रोज बदललेली पानं वाटायची वेळ आली, की त्याचे पैसे वसूल होतात, हे मान्य. पण तेव्हा ते निर्मात्याने घ्यावं ना! पहिला खर्डा लिहिणाऱ्या पोराने कशाला?

तेव्हा भाच्या, काहीही विकत घेण्याआधी चाचणीच्या प्रतीत 'कुऱ्हाड' टाइप कर. पीडीएफ काढ. 'ऱ्हा' फुटला, चौकोन दिसले, किंवा पीडीएफमध्ये शोधून तो शब्द सापडला नाही, तर ते आपल्या कामाचं नाही. किंमत कितीही असो.

आणि हो, कथा ठरली की फोन कर.