आकाशातील फुगा आणि गावातील वावडी

कार्तिकापासून चैत्रापर्यंतच्या कोरड्या दिवसांत हैदराबादेहून आकाशात प्रचंड फुगे सोडण्याचा क्रम बहुतेक वर्षी चालतो, आणि त्याबरोबर एक सरकारी सूचनाही निघते. ज्या जिल्ह्यांस उद्देशून ती असते, त्यांत नांदेड व लातूर हे आपले दोन जिल्हे येतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे फुगे पातळ प्लास्टिकचे, हायड्रोजन वायूने भरलेले व सुमारे ५० ते ८५ मीटर व्यासाचे असतात. शास्त्रीय उपकरणे घेऊन ते ३० ते ४२ किलोमीटर उंचीपर्यंत चढतात. काम आटोपले की उपकरणे मोठ्या रंगीत हवाई छत्रीच्या आधाराने खाली येतात. पण वारा नेईल तिकडे, म्हणजे हैदराबादेपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरांच्या टापूत कोठेही. ती देगलूरच्या शेतात उतरतील किंवा निलंग्याच्या माळावर. वस्तू उघडू नये, हलवू नये, जवळच्या पोलीस ठाण्यात, टपाल कचेरीत किंवा जिल्हाधिकाऱ्यांस वर्दी द्यावी, वर्दी देणारास योग्य बक्षीस मिळेल, एवढाच त्या सूचनेचा आशय असतो.

सूचना साधी खरी. परंतु पहाटेच्या अंधुक प्रकाशात घरावर एखादी अजस्र वस्तू येऊन पडते, तेव्हा ती सूचना कोणास आठवते? दिनांक १८ जानेवारी २०२५ रोजी लातूरच्या शेजारच्या बीदर जिल्ह्यात, हुमनाबाद तालुक्यातील जलसंगी गावी असाच एक फुगा उपकरणांसह कोसळला आणि गाव भयचकित झाले. त्यापूर्वी डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात एक भलीमोठी कुपी शेतात उतरली, तेव्हा परग्रहावरचे यान आले, अशी हाकाटी झाली व बघ्यांची रीघ लागली. ती एका स्पॅनिश कंपनीची चाचणीची कुपी असून हैदराबादेच्या ह्याच केंद्रातून वर गेली होती. वस्तू परकी होती हे खरे. चोरटी मात्र नव्हती.

असल्या वार्ता वाचून शहरातले सुशिक्षित लोक खेडुतांना हसतात. आम्हांस हे हसणे मुळीच मान्य नाही. ह्या मुलखाच्या आकाशात परकी विमाने चोरून आलेली आहेत, आणि त्यास फार मोठा काळही लोटलेला नाही. १९४८ मध्ये सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या रात्री लँकास्ट्रियन विमाने आणून निजामाच्या राज्यात शस्त्रास्त्रे उतरवीत असे. बीदर हा त्याच्या तळांपैकी एक होता, आणि आजचा उदगीर तालुका त्या वेळी बीदर जिल्ह्यातच मोडत असे. हाच कॉटन १९३९ मध्ये, महायुद्धाच्या तोंडावर, साध्या प्रवासी विमानात कॅमेरे दडवून जर्मनीची छायाचित्रे घेत हिंडलेला होता. तेव्हा मराठवाड्यातील माणसाने रात्रीच्या आकाशाकडे साशंक नजरेने पाहिले, तर त्यास अडाणी ठरविण्याचा अधिकार कोणास पोहोचतो?

शिवाय भ्रम हा काही खेड्याचाच मक्ता नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेवरून एक चिनी फुगा तरंगत गेला. माँटाना प्रांतातील सामान्य लोकांनीही तो पाहिला, देशभर गहजब उडाला आणि ४ तारखेस तो दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यापलीकडे क्षेपणास्त्राने पाडण्यात आला. त्याबद्दल संशय घेण्यास जागा होती. परंतु त्यानंतरच्या आठवडाभरात त्या बलाढ्य राष्ट्राने आणखी तीन वस्तू पाडल्या, आणि त्या बहुधा खासगी कंपन्यांच्या, हौशी मंडळींच्या किंवा संशोधन संस्थांच्या असाव्यात, असे खुद्द राष्ट्राध्यक्षांस १६ तारखेस सांगावे लागले. एवढी साधने हाताशी असलेल्या सरकारचे जेथे असे होते, तेथे कंदील घेऊन धावणाऱ्या शेतकऱ्यास काय म्हणावे?

तेव्हा संशय हा दोष नव्हे. संशयाचे पुढे आपण काय करतो, तेथे खरा प्रश्न आहे. संशय वर्दी होऊन ठाण्यात गेला तर तो देशाचा पहारा होतो. वावडी होऊन गावभर फिरला तर त्यास कोणाची तरी मान हवी असते. २०२४ च्या पावसाळ्याच्या आरंभी बीड, जालना, अहमदनगर आदी जिल्ह्यांत रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनांची दहशत पसरली. चोर टेहळणी करतात, असे म्हणत गावेच्या गावे काठ्या घेऊन जागली. अशा जाग्रणाच्या रात्री कोणी अनोळखी वाटसरू, फिरस्ता किंवा गोसावी वेशीत शिरला तर त्याचे काय होईल, ह्या विचाराने आमच्या काळजाचा ठोका चुकतो. कारण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे काय घडले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. मुले पळविणारी टोळी आल्याची वावडी मोबाइलवरून फिरत होती, आणि डवरी गोसावी समाजाची पाच निरपराध माणसे ग्रामपंचायतीच्या कचेरीत ठेचून मारली गेली.

जिवापुढे उपकरणाची हानी लहानच. तरी तीही हानीच. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादेहून गेलेल्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले. त्यांतून हैदराबाद व पुणे येथील शास्त्रज्ञांनी तोवर अज्ञात असलेल्या जीवाणूंच्या तीन जाती शोधल्या आणि एकीस आर्यभटाचे नाव दिले. ती पेटी कोणी कुऱ्हाडीने उघडली असती, तर हे ज्ञान शेतातच सांडले असते.

उलट, प्रत्येक वस्तू निरुपद्रवीच असते, असेही नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या रात्री, महाराष्ट्राच्या आकाशातून जळते गोळे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. अशा वस्तूभोवती पोराबाळांसह गोळा होणे हे धाडस नव्हे, अविचार होय.

सरकारचे कर्तव्य उघड आहे. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील सूचनेने भागत नाही. ती मराठीत, ग्रामसभेत, शाळेत व आठवडी बाजारात दवंडी देऊन सांगितली पाहिजे. परंतु आमच्या वाचकांचेही एक कर्तव्य आहे. गल्लीत काही अघटित दिसले की लोक ज्या घराकडे 'हे काय हो?' म्हणून विचारावयास येतात, ते बहुधा आपलेच घर असते. त्या घरातील आजोबांनी, सुनेने किंवा कॉलेजातील मुलाने ऐकीव चित्रफीत पुढे न धाडता मुलांस मागे घ्यावे, वस्तूस हात लावू देऊ नये आणि प्रथम ठाण्यास कळवावे. आकाशातून उतरलेल्या वस्तूची चौकशी करणारे जाणते लोक देशात आहेत. वावडीने घेतलेला जीव परत आणणारा मात्र कोणी नाही.