आधी ओळख, मग उपाय

ताप आला एवढ्यावर कोणताही डॉक्टर मलेरियाचा पूर्ण उपचार सुरू करत नाही. रक्ताची काचपट्टी तपासली जाते. मलेरिया निघाला तरी तो फाल्सिपेरम की व्हायवॅक्स हे पाहावे लागते, कारण दोन्ही परोपजीवी एकाच कुळातले असले तरी औषधयोजना वेगळी असते. ‘ताप’ हे निदान नव्हे. तसेच ‘कीड लागली’ हेही निदान नव्हे. पण तिथे मात्र आपण नाव न विचारताच औषध मारतो.

तांदळातले सोंडे घ्या. ही सोंड म्हणजे नाक नव्हे. डोक्याचा पुढचा भाग लांब झालेला असतो आणि त्याच्या टोकाला जबडे असतात. सोंडकिड्यांच्या या पसाऱ्यात आजवर 60 हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांची विभागणी करताना अभ्यासक आधी मिशा पाहतात. बहुतेक सोंडकिड्यांच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. पाइनच्या फुलोऱ्यावर जगणाऱ्या भुंगेऱ्यांच्या मिशा मात्र सरळ असतात. त्यांच्या अळ्या पाइनच्या नर शंकूंतले पराग खातात. सोंडकिड्यांच्या वंशावळीतली ही फार जुनी शाखा आहे.

मिशा वाकड्या की सरळ, याने कोणाचे काय बिघडते? बरेच बिघडते. साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्याचे उदाहरण पाहा. मूळचे आग्नेय ब्राझीलमधले हे तण आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियात पसरले. केरळात त्याला ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात. तिथली भातखाचरे आणि कालवे त्याने भरून टाकले. पापुआ न्यू गिनीच्या सेपिक नदीत तर होड्या अडकल्या. गावकऱ्यांना बाजार आणि दवाखाना गाठणेही कठीण झाले.

या तणाला अनेक वर्षे दुसऱ्याच जातीचे समजले जात होते. त्यामुळे त्याला खाणारे कीटकही भलत्याच प्रदेशातून आणले गेले. त्रिनिदादचा नाकतोडा केरळात सोडला, पण तण हटले नाही. 1972 मध्ये ही वेगळी जात असल्याचे स्पष्ट झाले आणि 1978 मध्ये तिचे मूळ घर सापडले. तिथे तिच्यावर जगणारा एक चिमुकला सोंडकिडा मिळाला. 1980 मध्ये तो ऑस्ट्रेलियातील मूनडारा तलावात सोडला आणि साधारण वर्षभरात तलाव मोकळा झाला. हा किडा आधी वापरून पाहिलेल्या किड्याचाच भाऊबंद आहे असे तेव्हा वाटत होते. बारकाईने तपासल्यावर तो विज्ञानाला नवा निघाला. 1985 मध्ये त्याला ‘सिर्टोबॅगस साल्व्हिनी’ हे नाव मिळाले. भारतात तो आधी बंगळुरूला आणि मग केरळात सोडला गेला. तिथेही तण ओसरले. सेपिकमधले सुमारे 250 चौरस किलोमीटरचे आच्छादन दोन चौरस किलोमीटरवर आले. आधीची इतकी वर्षे वाया गेली ती दोन नावे चुकल्यामुळे.

आपल्या कोकणातल्या बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. माडाचा गेंड्या भुंगा शेणखताच्या ढिगात वाढतो, तर सोंड्या भुंग्याची अळी खोडाच्या आत. पहिल्यासाठी खताचा खड्डा साफ ठेवायचा, दुसऱ्यासाठी माडाला जखम होऊ द्यायची नाही. दोघांचे गंधसापळेही वेगळे. ‘भुंगा लागला’ एवढ्यावर उपाय ठरवला तर माड हातचा जातो.

स्वयंपाकघरात तर हा प्रश्न जिवावर बेततो. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक बुजवते, म्हणून चाळल्यावरही आठवड्यांनी सोंडे पुन्हा दिसतात. ते चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत. तरीही काही घरांत धान्यात अॅल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी ठेवतात. दमट हवेत तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या आम्हा डॉक्टरांना ही विषबाधा चांगलीच माहीत आहे. या गोळ्या घरात आणूच नका. धान्य कडक उन्हात वाळवा, चाळा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. थोडे असेल तर चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा.

पॅथॉलॉजिस्ट नसलेल्या रुग्णालयाला आपण अपुरे म्हणतो. मग किडे ओळखणारा माणूस नसलेल्या कृषी खात्याला काय म्हणायचे? टाचणीला टोचलेले किडे वर्षानुवर्षे न्याहाळणाऱ्याचे काम झटपट दिसत नाही, त्यामुळे निधी आणि नेमणुका देताना तो मागे पडतो. कृषी विद्यापीठांत वर्गीकरणाची पदे भरली जावीत, जुने कीटकसंग्रह नीट जपले जावेत, आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा मार्ग निवडल्यावर नोकरीची खात्री असावी. फवारणीवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे. निदान स्वस्त असते, चुकीचा उपचार महाग पडतो. हा नियम माणसांपुरताच नाही.