नालवाडीकरांनो, या मृगात भाजीला जागा द्या

नालवाडीकरांनो, मृग तोंडावर आला आहे. बियाणं, खत, घरावरची ताडपत्री, मुलांच्या वह्या-पुस्तकं, सगळ्याची धावपळ चालू आहे. तरी आज रात्री जेवताना एक काम करा. घरातल्या सगळ्यांची ताटं नीट बघा. सगळ्यांचं झाल्यावर बसते तिचंही ताट बघा. भाजी कुणाच्या वाट्याला आली आणि कुणाला नुसता रस्सा उरला, ते बघा.

रोज फळं आणि भाज्या मिळून निदान 400 ग्रॅम पोटात जायला हव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात आलू धरायचा नाही. म्हणजे पाच मोठ्या माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो. आता दिवे लागल्यावर हातगाडीपाशी उभं राहा. कामावरून सुटलेली बाई येते. किलोभर आलू घेते, पावभर वांगी घेते, पालकाच्या जुडीचा भाव विचारते आणि जुडी परत ठेवते. तिला पालकाचं महत्त्व कळत नाही, असं समजू नका. तिला सगळं कळतं. आलू आठ दिवस टिकतो, पालक उद्या सकाळी मान टाकतो. घरात फ्रीज नाही. आजच्या रोजीतले निम्मे पैसे किराण्याच्या उधारीत गेले. शिवाय भाजी निवडायला वेळ लागतो, आणि पहाटेपासून उभ्या असलेल्या बाईकडे तोच नसतो.

हे एकट्या आपल्या गावाचं दुखणं नाही. 18 देशांतल्या कुटुंबांचा अभ्यास 2016 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आला. गरीब देशांच्या गटात भारतही होता. त्या गटात एका माणसाला रोज दोनदा फळ आणि तीनदा भाजी द्यायची, तर घरच्या मिळकतीतला जवळपास निम्मा पैसा त्यातच जातो, असं दिसलं. श्रीमंत देशांत त्यालाच शंभरातले दोन रुपये लागतात. म्हणून सांगतो, ‘लोकांना खायचं कळत नाही’ हे बोलणं आता थांबवा.

आणि मजुरी देणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. ठेकेदार असा, घरमालक असा, शेतमालक असा, रोजी पूर्ण द्या आणि उजेड असताना द्या. बाजारात ताजी भाजी असते तेव्हाच मजूर बाईच्या हातात पैसे पडू द्या. हा धडा नालवाडीचाच आहे. विनोबा पवनारला जाण्याआधी इथे राहत होते. सूत कातणाऱ्याच्या मजुरीत माणसाचं जेवण भागतं का, हे त्यांनी 1935 च्या सुमारास याच गावात स्वतः कातून, त्या मजुरीवर जगून तपासलं. 1935 मध्येच चरखा संघाने कातणाऱ्याला पोटापुरती मजुरी देण्याचं धोरण घेतलं. मजुरी ठरवताना ताटात काय पडेल ते आधी बघावं, हे या मातीला नव्याने शिकवावं लागू नये.

कारण उशिराची किंमत लेकरं मोजतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या आतल्या 68.9 टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. 15 ते 49 वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण 54.2 टक्के होतं. त्याआधीच्या पाहणीपेक्षा दोन्ही आकडे वाढलेले आहेत. रक्त कमी होण्याची कारणं अनेक आहेत, गोळ्याही घ्यायलाच हव्यात. पण रिकामं ताट गोळीने भरत नाही. वर्गात डुलक्या घेणारी पोर आळशी नसते. बाळंतपणाला निघालेल्या सुनेचा चेहरा पांढरा पडलेला दिसतो, तेव्हा फार वेळ गेलेला असतो.

म्हणून आजच उठा. भाजी वाढताना बायांच्या आणि पोरींच्या ताटात आधी वाढा. भाऊ, हे काम तुम्ही करा, वहिनी स्वतःहून कधीच करणार नाही. भाजीवर लिंबू पिळा, त्याने भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवण होताच चहा घेऊ नका. लेकराच्या हातात पाच रुपयांचा पुडा देण्याआधी एक जाम द्या, हंगामात बोरं द्या, सीताफळ द्या. आपल्याकडे फळाची पिशवी दवाखान्यात भेटायला जाताना घेतात. ती धडधाकट लेकरासाठी घरी आणा.

शेतकरी दादा, तुम्हाला हात जोडून विनंती. आपल्या आज्या पराटीच्या तासांत बरबटी, अंबाडी, भेंडी, वाळकं टोबत. धुऱ्यावर तरोटा, घोळ, कुंजर फुकट मिळे. आता जिल्हा कपाशी-सोयाबीनचा झाला, आणि तणासोबत तणनाशकाने घरची भाजीही गेली. भाजी पिकवू शकणारा माणूस भाजी विकत घेतो, हे मला फार लागतं. चार तासं घरासाठी राखा. तिथे फवारा नेऊ नका. फवारलेल्या धुऱ्यावरची रानभाजी कुणाला तोडू देऊ नका.

लेआऊटमध्ये राहणाऱ्यांनो, अंगणभर गट्टू बसवले असतील तर दोन उचला. जमत नसेल तर जुन्या बादलीत माती भरा. दोडका, कारलं, कोहळं, वालाच्या शेंगा, जे मिळेल ते बी टोबा. कुंपणाशी शेवग्याची फांदी रोवा. भाडेकरूलाही एक कोपरा द्या, त्याला परवानगी मागायला लावू नका. हातगाडीवाल्याला दारापुढे थांबू द्या. आणि पालकांनो, शाळेत, अंगणवाडीत जाऊन परसबागेला पाणी आहे का ते विचारा, नसेल तर आणून द्या.

मृगात टोबलेला दोडका पोळ्याच्या सुमारास हाती येतो. हा पाऊस गेला तर पुढचा वर्षाने. पहिली सर पडली की त्याच संध्याकाळी बी टोबा, आणि मूठभर बी शेजारच्या घरी देऊन या.