कुलूपबंद दुर्बिणी, उघडे आकाश

१९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील मुरुंबेटमन या गावी अँथनी वेस्ली हे हौशी निरीक्षक साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूची छायाचित्रे घेत होते. पेशाने ते संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारे. मध्यरात्र उलटल्यावर ते आवरते घेण्याच्या बेतात होते, पण आणखी अर्धा तास थांबले. गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग वळून समोर येत होता. दोनच दिवसांपूर्वी याच भागाचे घेतलेले चित्र त्यांच्यापाशी होते आणि त्यात डागाचा मागमूस नव्हता. त्यांनी खबर दिली, हवाई बेटावरील मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या आणि चार दिवसांनी हबल दुर्बिणीनेही त्या डागाचे चित्र घेतले. गुरूवर काहीतरी आदळले होते आणि त्याचा व्रण प्रशांत महासागराएवढा होता.

याला निव्वळ योगायोग म्हणण्याचा मोह होतो, परंतु त्यामागे साधे अर्थशास्त्र आहे. मोठ्या दुर्बिणीचा वेळ ही अत्यंत दुर्मिळ वस्तू होय. तिच्यासाठी शास्त्रज्ञांचे अर्ज येतात व त्यांतील बरेचसे नाकारावे लागतात. गुरू-शनींवर रोज रात्री नुसती नजर ठेवण्यासाठी हा वेळ खर्चणे कोणालाच परवडणारे नाही. ती पाळत हौशी माणूस ठेवतो, कारण त्याच्या वेळेला बाजारात भाव नसतो. गृहिणीच्या श्रमांप्रमाणे याही श्रमांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात होत नाही. तरीही २०१६ साली गुरूपाशी पोचलेल्या जूनो यानाच्या कॅमेऱ्याने काय टिपावे, हे ठरविताना नासाने हौशी मंडळींच्या चित्रांची मदत घेतली.

अशी चित्रे घेण्याची रीत गेल्या पंचवीस वर्षांत पार पालटली आहे. वातावरण सतत थरथरत असल्यामुळे एकच दीर्घ छायाचित्र घेतले तर ग्रह पुसट उमटतो. मात्र क्षणांशापुरती हवा स्थिर होतेच. अशा भाग्यवान क्षणांची संभाव्यता डेव्हिड फ्रीड यांनी १९७८ साली गणिताने मांडली होती. आज दुर्बिणीला लहानसा व्हिडिओ कॅमेरा जोडून दोन मिनिटांत हजारो चित्रे घेतात, संगणक त्यांतील स्थिर तेवढी निवडतो आणि एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढतो. त्यासाठी लागणाऱ्या आज्ञावल्या हौशी लोकांनीच लिहिल्या आणि फुकट वाटल्या.

आपल्याकडे हा विषय निघाला की शहराच्या झगमगाटाची सबब पुढे येते. अंधुक तारकामेघांच्या बाबतीत ती खरी आहे. सूर्य, चंद्र व ग्रह मात्र स्वतःच इतके तेजस्वी आहेत की दादरच्या गच्चीवरूनही त्यांची उत्तम चित्रे घेता येतात. अक्षांशही आपल्या बाजूने आहे. ग्रह आकाशात उंच मिळावेत म्हणून ब्रिटनचे निष्णात छायाचित्रकार डेमियन पीच बार्बाडोसला गेले होते; महाराष्ट्राला ती उंची घरबसल्या लाभते. शिवाय गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. तो ऑस्ट्रेलियात पश्चिमेकडे झुकलेला असतो व युरोपात पुरता वर आलेला नसतो, त्या मधल्या तासांत त्याचा जो चेहरा समोर असतो, तो भारतातून सर्वांत चांगला दिसतो. पावसाळ्याचे चार महिने ही खरी अडचण. पण उरलेल्या आठ महिन्यांचे काय?

घोडे पेंड खाते ते आपल्या कपाटांपाशी. अनेक महाविद्यालयांच्या पदार्थविज्ञान विभागात एखादी दुर्बीण असते, आणि ती डेड स्टॉकच्या नोंदवहीत असते म्हणूनच वापरात नसते. आरशाला ओरखडा पडला तर जबाबदार कोण, या प्रश्नाला भिऊन प्रभारी प्राध्यापक किल्ली खिशात ठेवतात. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण वस्तू हरवली तर चौकशी होते, ती वीस वर्षे पडून राहिली तर होत नाही. भांडवल गुंतवून ते निकामी ठेवण्याचा याहून सोपा मार्ग सापडणे कठीण.

रात्री विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, थांबू शकत नाहीत, असेही म्हटले जाते. मग सूर्य आहे. तो महाविद्यालयाच्याच वेळात उगवलेला असतो. त्याचे डाग महिनाभर रोज टिपले तर सुमारे सत्तावीस दिवसांचे त्याचे परिवलन विद्यार्थ्याला स्वतःच्या चित्रांवरून काढता येते. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात लोक दारे-खिडक्या लावून बसले आणि शहरांतील रस्ते ओस पडले. ती भीती अनाठायी होती, पण दुर्बिणीतून सूर्य पाहताना भीती हवीच. सौरगाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसविलेली पाहिजे. डोळ्याकडील भिंगाला लावायची गाळणी उष्णतेने तडकते आणि दृष्टी कायमची जाते.

या कामात कलेपेक्षा कारकुनी शिस्त अधिक लागते. चित्र संगणकावर किती चकचकीत केले याला शास्त्रात किंमत नाही. ते कोणत्या तारखेस, किती वाजून किती मिनिटांनी घेतले, याला आहे. वेस्लींचा डाग मान्य झाला तो दोन दिवसांपूर्वीच्या चित्रामुळे.

शिकविणारे आपल्याकडे आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करीत आहे आणि आयुकाने शिक्षक-विद्यार्थ्यांना दुर्बीण बनविण्याचेही धडे दिले आहेत. उणीव आहे ती एका परिपत्रकाची. ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे दुर्बीण सही घेऊन द्यावी आणि रास्त वापरात झालेली मोडतोड संस्थेच्या खाती टाकावी, एवढे त्यात असले तरी पुरे. ते उन्हाळ्याच्या सुट्टीत निघाले तर ऑक्टोबरात आकाश निवळताच काम सुरू होऊ शकेल.