दुरुस्तीचे ज्ञान हेही भांडवलच

वैशाखातील भर दुपारी रिसोडहून किंवा कारंज्याहून वाशीमला आलेली एखादी जुनी पेट्रोल मोटार बाजारात अर्धा तास उभी राहते आणि मग काही केल्या सुरू होत नाही. मालक चोक ओढतो, ॲक्सिलरेटर पाच-सात वेळा दाबतो, पुन्हा चावी फिरवतो. पेट्रोलचा वास सुटतो, बॅटरी मंदावते. जमलेल्या चौघांपैकी दोघे धक्का द्यावयास पुढे होतात आणि उरलेले दोघे गाडी भंगारात काढण्याचा सल्ला देतात. या प्रसंगात हसण्यासारखे पुष्कळ असले तरी विचार करण्यासारखे त्याहून अधिक आहे. इंजिनाची तक्रार पेट्रोल कमी पडल्याची नसून जास्त झाल्याची असते, आणि मालकाचा प्रत्येक उपाय त्या तक्रारीत भर घालीत असतो.

कार्ब्युरेटरचे काम मोजमापाचे आहे. वजनाने सुमारे पंधरा भाग हवा आणि एक भाग पेट्रोल या प्रमाणातील मिश्रण सिलिंडरमध्ये नीट जळते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ पुरेशी होत नाही, म्हणून चोक ओढून हवा तात्पुरती रोखावयाची असते. इंजिन तापलेले असता हाच उपाय अपाय ठरतो. थांबलेल्या इंजिनाच्या उष्णतेने कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल आधीच उकळून आत ठिबकलेले असते; त्यात ॲक्सिलरेटरच्या प्रत्येक दाबाबरोबर आणखी एक पिचकारी जाते. स्पार्क प्लग ओले होतात आणि ठिणगी पडेनाशी होते. ‘गाडी ओव्हर झाली’ असे मेकॅनिक म्हणतात ते यालाच.

यावरचा पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. चोक पूर्ण आत ढकलावा, ॲक्सिलरेटर एकदाच सावकाश तळापर्यंत दाबून तसाच धरावा, म्हणजे हवेचा मार्ग पूर्ण मोकळा होतो. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये आणि मध्ये बॅटरीला विसावा द्यावा. तेवढ्याने न भागल्यास बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ बसावे. त्यानंतरही यश न आले तर प्लग काढून कोरडे करावेत. मात्र त्या वेळी आसपास कोणाची विडी-सिगारेट पेटलेली नाही, याची खात्री करून घ्यावी.

खरी परीक्षा मात्र उपायापेक्षा निदानाची असते. काढलेला प्लग ओला असेल तर पेट्रोल जादा झाले. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. उन्हाळ्यात नळीत वाफ अडकून पेट्रोल थांबते, त्यास वेपर लॉक म्हणतात, आणि तेथे पंपावर टाकलेले ओले फडके उपयोगी पडते. दोन्ही विकारांचे बाह्य लक्षण एकच, कारणे मात्र परस्परविरुद्ध. प्लॅटिनम पॉइंट झिजल्याने किंवा बॅटरी उतरल्याने ठिणगी दुबळी झाली, तरीही न जळलेले पेट्रोल आत साचते. अशा वेळी कार्ब्युरेटर खोलणे म्हणजे निरपराध्याला शिक्षा करणे होय. उलट गाडी वारंवार ओव्हर होत असेल तर सुईच्या बैठकीत कचरा अडकलेला असतो, किंवा फ्लोटला छिद्र पडलेले असते. जुन्या गाड्यांतील पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहिला की आत शिरलेले पेट्रोल ऐकू येते. जाणत्या मेकॅनिकची ही तपासणी काही मिनिटांची असते. ती न येणारा मात्र एकामागून एक नवे सुटे भाग बसवीत जातो आणि त्याच्या अज्ञानाची किंमत गिऱ्हाईक मोजते.

हे ज्ञान टंचाईच्या काळातून आले आहे. मोटारीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागे, तेव्हा ॲम्बॅसिडर किंवा पद्मिनी टिकविणे ही चैन नसून गरज होती. काम करता करता ज्ञान वाढते आणि उत्पादकताही वाढते, हा विचार केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये अर्थशास्त्रात मांडला. गावोगावचे गॅरेज त्याचे चालतेबोलते उदाहरण होय. परंतु हिशेबाच्या वहीत मोटारीचा घसारा दरवर्षी लिहिला जातो. ती चालती ठेवणाऱ्या हातांचे मूल्य कोठेच लिहिले जात नाही.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, पुढे इंधन-इंजेक्शनचे तंत्र रूढ झाले, ॲम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मग कार्ब्युरेटरची विद्या कालबाह्य झाली, असे कोणी म्हणेल. तथापि १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ मानके लागू होईपर्यंत अनेक मोटारसायकली कार्ब्युरेटरवरच बनत होत्या, आणि वाशीमसारख्या जिल्ह्यात गुरुजींपासून दूधवाल्यापर्यंत अनेकांचा संसार त्यांवर चालतो.

सरकारचे धोरण मात्र वयावर बोट ठेवते. १५ वर्षांहून जुन्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. जुनी गाडी अधिक धूर सोडते हा आक्षेप खोटा नाही. ओव्हर होणारी गाडी तर न जळलेले पेट्रोल हवेत सोडते. परंतु त्याच आक्षेपाचा अर्थ असा की, प्रश्न वयाचा नसून स्थितीचा आहे. नीट जुळविलेली जुनी गाडी आणि हयगय झालेली जुनी गाडी यांना एकच दंड लावणे, हे दुरुस्तीला उत्तेजन देण्याचे लक्षण नव्हे.

त्यात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची भर पडली आहे. शेतकऱ्याच्या मालाला उठाव आणि तेलाच्या आयातीत बचत, हे या धोरणाचे हेतू स्वागतार्ह आहेत. परंतु १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच आहे. इथेनॉल ओलावा शोषते, जुन्या रबरी भागांना बाधते आणि टाकीतील साचलेला गाळ सोडविते. हा गाळ पुढे कार्ब्युरेटरच्या सुईपाशी पोचला की गाडी पुन्हा ओव्हर होते. राष्ट्रीय लाभाचा हा खर्च नवी गाडी घेऊ न शकणाऱ्याच्या माथी पडतो, आणि त्याला कोणी आगाऊ सूचनाही देत नाही.

वाशीम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो आणि त्यावरून नव्या मोटारी वेगाने निघून जातात. गावातल्या रस्त्यांवरची जुनी वाहने त्या वेगात सामील होणार नाहीत. ती आणखी काही वर्षे येथेच चालणार आहेत. म्हणून जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अनुभवी मेकॅनिकांना मानधन देऊन सायंकाळचे वर्ग चालवावेत, त्यांचे निदानशास्त्र मराठीत लिहून घ्यावे, पुनर्नोंदणीचे शुल्क तपासणीत आढळलेल्या धुराच्या प्रमाणात ठेवावे आणि प्रत्येक पेट्रोल पंपावर जुन्या वाहनांसाठी स्पष्ट मराठी सूचना लावावी. यांपैकी एकाही गोष्टीस मोठा निधी लागत नाही.

बंद पडलेल्या गाडीत आणखी पेट्रोल ओतणे सोपे असते. क्षणभर थांबून प्लग ओला की कोरडा हे पाहणे कठीण असते. गाडी सुरू होते ती दुसऱ्या मार्गाने. तो मार्ग जाणणारे हात आज साठीच्या पुढे गेले आहेत, आणि त्यांचे शिष्य नोकरीच्या शोधात पुण्याला निघाले आहेत.