विश्लेषण : डेंग्यूत ताप उतरला म्हणजे धोका टळला का?

पावसाळ्यात घरोघरी एक हिशेब ठरलेला असतो. ताप आला, पॅरासिटामॉल घेतली, दोन-तीन दिवस आराम केला, ताप उतरला की पुन्हा कामावर. साध्या व्हायरल तापात हा हिशेब बहुतेक वेळा जुळतो. डेंग्यूत मात्र नेमका इथेच घात होऊ शकतो.

ताप उतरताना धोका का?

डेंग्यूचा ताप साधारण २ ते ७ दिवस राहतो. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान तो उतरू लागतो आणि त्याच सुमाराचे २४ ते ४८ तास कसोटीचे असतात. बहुतेक रुग्ण यातून सुखरूप बरे होतात. काहींच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या मात्र झिरपू लागतात. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, पोटात आणि छातीच्या पोकळीत साचतो. रक्तदाब घसरतो. थर्मामीटर ‘नॉर्मल’ दाखवत असतो आणि रुग्ण शॉककडे चाललेला असतो.

कोणती लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे?

- पोटात सतत किंवा तीव्र दुखणे
- वारंवार उलट्या, पाणीही न टिकणे
- हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शौच, पाळीत नेहमीपेक्षा जास्त रक्तस्राव
- कमालीची सुस्ती, चिडचिड किंवा अस्वस्थता
- हातपाय गार पडणे, धाप लागणे
- चार ते सहा तास लघवी न होणे

यातले एक लक्षणही पुरेसे आहे. ‘सकाळी बघू’ म्हणायची ही वेळ नाही. १०८ ला फोन करावा. गर्भवती, तान्ही बाळे, ज्येष्ठ आणि मधुमेही यांनी तर लक्षणांची वाट न पाहता सुरुवातीलाच डॉक्टरांना दाखवावे.

प्लेटलेटचा आकडा किती महत्त्वाचा?

डेंग्यू म्हटला की नातेवाइकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘प्लेटलेट किती?’ निरोगी माणसात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. त्या कमी झाल्या की धावाधाव सुरू होते. प्रत्यक्षात रक्तस्राव नसेल, तर राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्लेटलेट चढवण्याचा विचार साधारणपणे १० हजारांखाली होतो. त्याच सीबीसी रिपोर्टवर ‘पीसीव्ही’ किंवा ‘हिमॅटोक्रिट’ हा आकडाही असतो. प्लाझ्मा बाहेर गेला की उरलेले रक्त दाट होते आणि हा आकडा वाढतो. प्लेटलेट झपाट्याने घटत असताना तो वाढत असेल, तर तो धोक्याचा इशारा आहे. ग्रुपवर मात्र त्याबद्दल कुणी विचारत नाही.

घरी काय करावे, काय टाळावे?

पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच, दोन डोसमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवून घ्यावी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन टाळावे. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेडिकलमधून आणलेल्या अंगदुखीच्या गोळीत यातले एखादे औषध मिसळलेले असू शकते, म्हणून पाकिटावरची नावे वाचावीत. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे. ओआरएस, पेज, नारळपाणी थोडे थोडे देत राहावे. पपईच्या पानांचा रस हा दवाखान्याला पर्याय नाही.

हे दोन दिवस कोण देणार?

खरी अडचण माहितीच्या पुढची आहे. ताप उतरला की रजा संपते, मुलाला शाळेत धाडले जाते, रोजंदारीवरचा माणूस खाडा परवडत नाही म्हणून कामावर जातो. म्हणजे ज्या दिवसांत घरच्यांचे लक्ष हवे, नेमके तेच दिवस धावपळीत जातात. इथे दोष केवळ रुग्णाच्या निष्काळजीपणाला देऊन भागणार नाही. डेंग्यूच्या प्रत्येक केसपेपरवर वरची यादी ठळक मराठीत छापलेली असावी. पुढच्या तपासणीची तारीख ताप उतरण्याचा अंदाज घेऊन दिली जावी. आस्थापनांनीही ताप गेल्यानंतरचे दोन दिवस आजारपणाच्या रजेतच धरावेत. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. धूरफवारणी जितकी गरजेची मानली जाते, तितकीच हीदेखील मानली जायला हवी.

तोवर घरच्यांनी एवढे तरी करावे : ताप आल्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी आणि तो उतरल्यावर दोन दिवस रुग्णाला एकटे सोडू नये.