काळी चार आणि माझी तिसरी पोझिशन

गेल्या गणपतीतली गोष्ट. गिरगावात आत्याच्या चाळीत आरत्या झाल्या, मोदक वाटून झाले आणि कुणीतरी म्हणालंच, "गिटार आणलीयेस ना, मग वाजव की!" (हे वाक्य प्रत्येक गिटारवाल्याच्या नशिबी असतं.) आत्या एक भजन म्हणणार होती. साधं, सगळे शुद्ध स्वर. "काळी चार घे रे," असं म्हणाली आणि डोळे मिटून सुरूच झाली.

मी दोन वर्षं रोज रात्री मेजर स्केलच्या पाच पोझिशन्स घासत होतो. मेट्रोनोम १२० वर, एका ठोक्याला दोन स्वर. काळी चारचा सा मला सापडला, पण त्यावरून भजनाची पहिली ओळ काही निघेना. बोटं सवयीप्रमाणे खालून वर आणि वरून खाली धावत राहिली. भजनाला तसं कुठे धावायचं होतं? दुसऱ्या कडव्यापासून मी गुपचूप नुसत्या कॉर्ड्स धरल्या. नंतर आत्या म्हणाली, "छान वाजवलंस हो." ते जास्त लागलं.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय. गिटारवर स्केल शिकायची सुरुवात पॅटर्नपासून करूच नये. एका तारेपासून करावी.

आधी गिटारची भानगड काय आहे ते सांगतो. पेटीवर एका सुराला एकच पट्टी. गिटारवर तसं नाही. सगळ्यात बारीक तार मोकळी छेडली की जो 'ई' वाजतो, तोच अगदी त्याच उंचीचा 'ई' दुसऱ्या तारेच्या ५ व्या फ्रेटवर आहे, तिसरीच्या ९ व्या, चौथीच्या १४ व्या आणि फ्रेट असतील तर पाचवीच्या १९ व्याही फ्रेटवर आहे. दादर कसं वेस्टर्नवरही आहे आणि सेंट्रलवरही, तसंच. नवीन माणूस गोंधळणारच.

यावर उपाय म्हणून पोझिशन्स शिकवतात. चार-पाच फ्रेटची एक चौकट, सहा तारा, त्यावर ठिपके. ठिपके पाठ करा, झाली स्केल! आम्हा आयटीवाल्यांना हे फार आवडतं, कारण हा सरळ कॉपी-पेस्ट आहे. कोड चालतो, का चालतो ते माहीत नसतं. चौकट डोळ्यांना पाठ होते आणि बोटांनाही होते. कान मात्र बाहेरच राहतो.

आता लालबागला या. विसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी सगळ्यांनीच ऐकलीय. तो 'बेंजो' म्हणजे खरं तर बुलबुल तरंग. जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये काढलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा आपल्याकडचा भाऊबंद. टाइपरायटरसारखी बटणं, खाली लांब तारा. बटण दाबलं की तार त्या जागी दाबली जाते. म्हणजे फ्रेटबोर्डच, पण चाल सगळी लांबीत. वादक पुढच्या सुरासाठी तारेवर पुढे जातो आणि खालच्या सुरासाठी मागे येतो. किती अंतर गेलो ते हाताला कळतं आणि कानालाही. कालपरवाचं गाणंही तो न अडखळता वाजवतो, ठिपक्यांचा तक्ता न बघता.

सतारीवरही बहुतेक सगळा राग एका बाजाच्या तारेवरच उलगडतो. आणि गिटारच हवी असेल तर १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' काढून ऐका. ब्रिजभूषण काबरांची गिटार तारेच्या लांबीवरून सरकत गाते.

तर मी आता काय करतो? तिसरी तार घेतो. तिचा पहिला फ्रेट म्हणजे काळी चार. तिथे सा. मग रे ३ वर, ग ५, म ६, प ८, ध १०, नि १२ आणि वरचा सा १३ वर. ग-म आणि नि-सा या दोनच जागी एका फ्रेटचं अंतर, बाकी सगळीकडे दोनचं. प्रत्येक स्वर आधी गळ्यातून काढायचा, मग बोटाने. (शेजाऱ्यांची क्षमा मागून.)

हे बसलं की आडवं जायचं. चौथ्या तारेच्या ६ व्या फ्रेटवर तोच सा आहे. त्याचा म कुठे? शेजारच्या तिसऱ्या तारेवर, त्याच ६ व्या फ्रेटवर. जवळजवळ सगळ्या जोड्यांत हेच. फक्त तिसरीवरून दुसरीवर जाताना म एक फ्रेट पुढे सरकतो, कारण त्या दोन तारांतलं अंतर अर्ध्या स्वराने कमी आहे. पॅटर्न तिथे वाकडा का होतो हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

आणखी एक गंमत. तेच सात स्वर ठेवा आणि सा बदला. रेला सा मानलं की काफी, गला भैरवी, मला कल्याण, पला खमाज, धला आसावरी. बिलावल धरून भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा एकाच स्केलमधून निघाले! पुस्तकात यांना डोरियन, फ्रिजियन वगैरे नावं असतात आणि आपण घाबरतो. आपल्याच घरातली माणसं आहेत हो ती.

पोझिशन्स टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाहीये. वेगाने वाजवायचं तर चौकट लागतेच, एका तारेवर किती धावणार? माझा आक्षेप क्रमावर आहे. आधी सूर कुठे जातोय ते कळू दे, मग त्याला जवळचा रस्ता शोधू. मी आधी रस्ते पाठ केले आणि जायचं कुठे तेच ठाऊक नव्हतं.

असो. भजनाच्या पहिल्या दोन ओळी आता तिसऱ्या तारेवर येतात, अंतऱ्यात अजून अडखळतो. आत्याला अजून काही सांगितलेलं नाही. यंदा तिने काळी चारच्या ऐवजी काळी पाच म्हटलं तर? तर सगळं दोन फ्रेट पुढे. एवढंच.